साडूभाऊ आणि ओंडक्यावरचे जंतू

आमच्या शहरात मटणावर जीव टाकणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील, मटणाचं नाव काढताच नाक मुरडणारीही सापडतील. पण मटणावर जीव टाकायचा आणि त्याच मटणाकडं पोलिसानं संशयिताकडं बघावं तसं बघायचं, असा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच आहे आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे आक्का म्हणायचो, तिचे हे मालक. जनावरांच्या दवाखान्याला जोडलेल्या एका प्रयोगशाळेत त्यांनी सगळी नोकरी काढली. दुधाचे आणि मांसाचे नमुने यायचे, हे त्यातले जंतू शोधायचे. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसनं शाल दिली, नारळ दिला, दोन भाषणं झाली. साडूभाऊ टेबलाच्या किल्ल्या परत देऊन आले, पण जंतू मात्र सगळे घरी घेऊन आले. मी पडलो फुलंब्रीचा. आमच्याकडं मटणाची परीक्षा म्हणजे बोटानं दाबून बघायचं आणि खाटकानं हाडं जास्त ढकलली का यावर नजर ठेवायची. जंतू हा शब्द मी शाळेत पाठ केला आणि शाळेतच ठेवून आलो. तो पुन्हा गाठ पडला तो थेट सासुरवाडीच्या नात्यातून.

हर्सूलला त्यांच्या घरी गेलं की चपला काढायच्या आत पहिला प्रश्न यायचा, "पाहुणे, हात धुतले का?" धुतले म्हटलं की दुसरा, "कशानं?" पाण्यानं म्हटलं की ते अत्यंत शांतपणे म्हणायचे, "म्हणजे नुसते भिजवले." मग आपण मुकाट्यानं मोरीवर जायचं, साबण लावायचा आणि ते पाठीशी उभं राहून "नखं, नखं" म्हणत असताना नखं घासायची. मटण नळाखाली धुवायला त्या घरात बंदी. धुतल्यानं जंतू मरत नाहीत, नुसते उडतात आणि शेजारी चिरून ठेवलेल्या कोथिंबिरीवर बसतात, असं त्यांचं म्हणणं. खिमा तर त्यांच्या दारात कधी आला नाही. का, तर मांसाच्या तुकड्यावर जे काही असतं ते बाहेरून चिकटलेलं असतं, आत सहसा काही नसतं. आणि खिमा करणारा माणूस बाहेरचं सगळं निगुतीनं आत नेऊन मिसळतो. हे ते इतक्या तन्मयतेनं सांगायचे की माझ्यासारख्या खिमाप्रेमी माणसाला त्यानंतर आठवडाभर खिमा जायचा नाही. आठव्या दिवशी जायचा, ती गोष्ट वेगळी.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सुईसारखं टोक असलेला एक तापमापक कायम असायचा. जालना रोडवरच्या एका मंगल कार्यालयात आमच्याच नात्यातलं लग्न होतं. जेवणाच्या रांगेत साडूभाऊ माझ्या पुढं. मटणाच्या भांड्यापाशी आले, ताट माझ्या हातात दिलं, खिशातून तापमापक काढला आणि दोनशे माणसांदेखत रश्श्यात खुपसला. आकडा बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. वाढणारा आचारी तोवर पळी धरून बघत होता. तो म्हणाला, "काका, मटणाला लई ताप हाय का? गोळी देऊ?" मागची रांग हसली, मुलीकडची माणसं हसली नाहीत. साडूभाऊंना दोन्हींचं काही वाटलं नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे भांडं कोमट आहे, कोमट म्हणजे जंतूंची दिवाळी, तुम्ही वरण-भात घ्या. मी मटणच घेतलं आणि मला काहीही झालं नाही, याचं त्यांना आजतागायत वाईट वाटतं. बाहेरच्या खाण्यात त्यांची मान्यता होती फक्त नान-खलियाला, म्हणजे नानबरोबरच्या मटणाच्या लाल रश्श्याला, तेही चुलीवरच्या देगेतून रटरट उकळताना समोर ताटात पडला तर. अशा देगेपाशी उभे राहून ते डोळे मिटून वाफ घ्यायचे. तिथं त्यांचा तापमापक खिशातून बाहेर यायचा नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी घरातच प्रयोगशाळा मांडली. थर्माकोलच्या पेटीत एक बारीक बल्ब लावून ऊब धरणारं कपाट केलं. जुन्या ऑफिसातून काचेच्या चपट्या बशा आणल्या. त्यांत मटणाच्या अळणी पाण्यात चायना ग्रास शिजवून ओतायचं, ते जेलीसारखं थिजलं की त्यावर कापसाच्या काडीनं नमुना पुसायचा आणि बशी दोन दिवस पेटीत ठेवायची. नमुन्यात जंतू असले तर ठिपके उमटायचे, पांढरे, पिवळे, कधी गुलाबीसर. "एक ठिपका म्हणजे एका जंतूचं अख्खं खानदान," ते कौतुकानं सांगायचे. एकदा आक्काचा भाऊ, म्हणजे आमचा मेहुणा, फर्दापूरहून आला. उन्हातून आलेला माणूस, फ्रीज उघडला, तर समोर थंडगार बशा. त्यानं चमच्यानं दोन साफ केल्या आणि आतून ओरडला, "आक्के, खीर जरा सपक झाली गं." आक्का पांढरीफटक पडली. साडूभाऊ मात्र नमुने न लावलेल्या दोन कोऱ्या बशा वाया गेल्या म्हणून हळहळत होते. "त्याला काय होणार," ते म्हणाले, "उकळून निर्जंतुक केलेल्या होत्या. जन्मात त्यानं खाल्लेला सगळ्यांत स्वच्छ पदार्थ असेल तो."

आता त्यांच्या खाटकाबद्दल सांगायला हवं. शहागंजच्या मागं एका बोळात छोटं दुकान, दुकानदार साडूभाऊंच्याच वयाचा. सगळे त्याला चाचा म्हणायचे, तसं हेही म्हणायचे. तीस वर्षं दर रविवारी सकाळी साडूभाऊ तिथं हजर. हातात ठरलेली खादीची पिशवी. जगात कुणी प्लास्टिकच्या पिशव्यांना नावं ठेवत नव्हतं तेव्हापासून ते ती कापडी पिशवी वापरत आणि त्याचा त्यांना फार अभिमान. आत स्टीलचा डबा, पिशवी मटण तोडायच्या ओंडक्याच्या कडेला ठेवायची, चाचानं मांडीचं, थोडं गर्दनीचं आणि एक नळी तोडून डब्यात टाकायची, तोवर दोघांनी आपापल्या गुडघेदुखीची चौकशी करायची. मी कधी बरोबर गेलो की माझ्या लक्षात यायचं, या दोघांना एकमेकांशी बोलायला मटण हे नुसतं निमित्त आहे. एकच गोष्ट साडूभाऊंना सलायची, चाचाच्या खांद्यावरचं फडकं. त्याच फडक्यानं सत्तूर पुसायचा, त्यानंच ओंडका, त्यानंच तराजू, त्यानंच हात, आणि उन्हाळ्यात कपाळही. "मटण घाण नसतं हो पाहुणे," परतताना साडूभाऊ मला सांगायचे, "ते फडकं त्याला घाण करतं. आणि चाचाला वाटतं, आपण पुसून स्वच्छ केलं." नोकरीत होते तोवर हे ते मनात ठेवत. निवृत्त झाले आणि मनात ठेवायला त्यांना सवड राहिली नाही.

एका रविवारी त्यांनी चाचाची पाठ वळल्यावर कापसाची काडी फडक्यावर, ओंडक्यावर आणि सत्तुरावर फिरवली. पुढच्या रविवारी बशा कागदात गुंडाळून घेऊन गेले. मी सोबत होतो, दुकानात गर्दी होती. साडूभाऊंनी गिऱ्हाइकांसमोर फळीवर तीन बशा मांडल्या आणि वर्गात शिकवावं तसं बोट ठेवत सांगितलं, "चाचा, हे बघा तुमचं फडकं. हा ओंडका. हा सत्तूर." फडक्याच्या बशीत ठिपके एकमेकांत मिसळून साय धरल्यासारखे झाले होते. दोन गिऱ्हाइकं हळूच मागं सरकून निघून गेली. चाचानं बशी हातात घेतली, उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "साब, नल को पानी आठ-आठ दिन को आता. पीने को पुरता नै. मैं ओंडका काहे से धोऊं, बोलो." साडूभाऊ बशा गोळा करून पुन्हा कागदात गुंडाळू लागले. चाचानं त्यांचं मटण नेहमीसारखं तोडलं, डब्यात भरलं आणि खाली बघूनच म्हणाला, "आगे से मटन दुसरी जगा से लेना साब." मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येताना साडूभाऊ एवढंच म्हणाले, "मी खोटं तर काही बोललो नाही." खोटं नव्हतंच. म्हणून तर मला त्यांचा जास्त राग आला, आणि मी तो दोन दिवस धरून ठेवला.

मग सुरू झाली नव्या दुकानाची शोधमोहीम. एकाकडं फडकं नव्हतं, तर तो हात पँटला पुसायचा. दुसरा आतड्यांची वजडी आणि मटण एकाच सुरीनं कापायचा. तिसऱ्यानं यांना काडी काढताना बघितलं आणि सरळ हाकलून दिलं. शेवटी ते काचेच्या दाराच्या एका थंडगार दुकानातून पाकिटातलं मटण आणू लागले. त्या मटणाच्या बशीत मोजून चार ठिपके निघाले. साडूभाऊ खूश. आक्कानं पहिला घास घेतला आणि ताट पुढं सारलं. "याला काय चव ना ढव," ती म्हणाली. "चाचाच्या दुकानचं आणा." ते ठिपके सांगायला लागले तेव्हा ती उठून दाराआड गेली, खुंटीवरची खादीची पिशवी घेऊन आली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. "गावभरच्या फडक्यांचं झालं ना बघून? आता हिचं करा." आक्का बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याची पंचाईत करायची.

दोन दिवसांनी मी गेलो तर साडूभाऊ बशी समोर घेऊन बसलेले. पिशवीची बशी फडक्याच्या बशीहून दाट होती. तीस वर्षं दर रविवारी रक्ताचे दोन थेंब त्या पिशवीला लागायचे, ती थंड पाण्यातून काढली जायची आणि ओलीच दाराआड टांगली जायची. डबा रोज घासला जाई, पिशवीकडं प्रयोगशाळेच्या नजरेनं कुणी कधी पाहिलंच नव्हतं. "आणि ती मी ओंडक्यावर ठेवत होतो," ते म्हणाले, "माझ्या हातानं." मी म्हटलं, मग जाऊन चाचाला सांगा. त्यांनी मान हलवली. सांगेन म्हणाले. आणि पुढचे तीन महिने चाचाकडं फिरकले नाहीत. माणूस भला, पण अभिमान लई.

त्या उन्हाळ्यात आक्काला रक्ताचं दुखणं निघालं. औषधं अशी कडक की डॉक्टरांनी बजावून सांगितलं, अंगातली लढायची ताकद जाईल, साधासा जंतूही सोसणार नाही; बाहेरचं काही नको, घरचं ताजं आणि पूर्ण शिजवलेलं तेवढंच द्या. पण द्या नक्की. कारण पुढची औषधं सोसायची तर अंगात काही असायला हवं आणि आक्काचं खाणं सुटलेलं. वरण नको, खिचडी नको, पेज तोंडापर्यंत नेऊन परत. नेसलेलं लुगडं अंगावर टांगल्यासारखं दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरलं तर पुढची औषधं थांबवावी लागतील. साडूभाऊ तिच्या उशाशी बसून म्हणाले, "तू सांग, काय खाशील?" ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "चाचाच्या दुकानचं मटण आणा. चार घास खाईन."

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांचा मला फोन आला, "पाहुणे, गाडी काढा." सिडकोतून हर्सूलला पोचलो तर साडूभाऊ दारात उभे, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला पाच लिटरचा कुकर. आत उकळतं पाणी. तो कुकर माझी पाठ आणि त्यांचं पोट यांच्यामध्ये ठेवून आम्ही स्कूटरवरून शहागंजला निघालो. प्रत्येक गतिरोधकाला मी भाजत होतो आणि ते मागून म्हणत होते, "हळू, हळू, गार होईल." चाचा दुकान उघडत होता. पहिला बोकड नुकताच आकड्याला लागला होता. आम्हाला पाहून त्याचे हात थांबले. साडूभाऊंनी कुकर फळीवर ठेवला, खिशातून कागदात गुंडाळलेली बशी काढली. मला वाटलं, आता पुन्हा तमाशा. पण ते म्हणाले, "चाचा, ही माझ्या पिशवीची. तुमच्या फडक्यापेक्षा वाईट. चुकलं माझं."

चाचानं बशी पाहिलीसुद्धा नाही. "मालूम था साब," तो म्हणाला. "उस थैली की बास मेरेकू बरसों से आरी."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"गिऱ्हाईक को चार लोगां में कैसा बोलना?" चाचा म्हणाला. साडूभाऊंनी मान खाली घातली. मीही दुसरीकडं बघितलं. मग चाचानंच विचारलं, "भाभी कैसे है?" आणि साडूभाऊंना जे काही महिनाभर कुणापुढं बोलता आलं नव्हतं, ते सगळं त्या ओंडक्यापाशी उभं राहून त्यांनी त्याला सांगितलं. आक्का खात नाही, खाल्लं नाही तर औषध नाही, आणि खाण्यातून काही गेलं तरी ती नाही.

खांद्यावरचं फडकं काढून चाचानं मागच्या बाकड्यावर टाकलं. कुकरचं झाकण काढून निम्मं पाणी ओंडक्यावर ओतलं, मूठभर मीठ टाकून सुरीच्या पाठीनं तो खरवडला, वरून पुन्हा पाणी ओतलं. सत्तूर उरलेल्या पाण्यात बुडवून ठेवला. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, नखंसुद्धा, साडूभाऊंनी न सांगता. मग मांडीच्या आतलं मऊ मांस काढून सरळ आम्ही आणलेल्या स्टीलच्या डब्यात टाकलं आणि झाकण स्वतःच्या हातानं लावलं. तीस वर्षांत साडूभाऊंनी त्या दुकानात मनात एकही शंका न ठेवता मटण घेतलं ते त्या दिवशी.

घरी माझ्या बायकोनं शिजवायला घेतलं. चार शिट्ट्यांत कुकरमध्ये काही जिवंत राहत नाही, हे मला साडूभाऊंनीच शंभरदा सांगितलेलं. त्या दिवशी मात्र चौथ्या शिट्टीला ते म्हणाले, अजून दोन होऊ द्या. सहाव्याला म्हणाले, अजून दोन. जन्मभर शिकलेलं सगळं त्या भीतीपुढं थिटं पडलं होतं. अकराव्या शिट्टीला माझ्या बायकोनं त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. मटणाचा पार लगदा झाला होता. भाकरी कुस्करून त्यावर रस्सा घालून वाटी आक्कापुढं नेली, तापमापक टोचला, निवू दिली आणि आम्ही तिघं तिच्याकडं बघत बसलो. तिनं एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. वाटी संपवली. "झ्याक झालंय," ती म्हणाली. "अगदी पहिल्यासारखं." साडूभाऊ उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. माझ्या बायकोनं मला खुणावलं, तसा मी बाहेर व्हरांड्यात आलो.

त्यानंतर दर रविवारी आमची कुकरची फेरी ठरली. पुढं चाचानं दुकानातच शेगडी आणून पाणी उकळायला सुरुवात केली, सगळ्याच गिऱ्हाइकांसाठी, आणि पाण्याचा ड्रम साडूभाऊंनी कुठूनसा मिळवून दिला. फडकं गेलं ते परत आलं नाही. आक्का दर रविवारी वाटी संपवायची, औषधं चालू राहिली, डॉक्टर म्हणाले छान. एका रविवारी साडूभाऊ बाहेर बशा धूत होते आणि मी तिच्या हातातली रिकामी वाटी घेत होतो. तिनं माझं मनगट धरलं. "दाजी, कुणाला बोलू नका," ती हळूच म्हणाली. "मला या औषधांनी कशाचीच चव लागत नाय. पहिल्या दिवशीबी नव्हती लागली. मटण खाल्लं काय अन् ओलं पोतं चघळलं काय, सारखंच. पण तेवढं उकळतं पाणी घेऊन जातेत बिचारे." मी म्हटलं, नाही बोलणार. इथं लिहितोय ते एवढ्याच भरवशावर की साडूभाऊ माझं लिहिलेलं वाचत नाहीत. पाकिटावरची बारीक अक्षरं सोडून ते काहीच वाचत नाहीत.

आक्का तो हिवाळा काढून गेली. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलेल्या मुदतीपेक्षा बरेच महिने जास्त काढले तिनं, आणि खात होती म्हणून काढले. आता रविवारी मी हर्सूलला जातो. मटण साडूभाऊ स्वतः शिजवतात, मीठ हमखास विसरतात, आणि आम्ही दोघं समोरासमोर जेवायला बसतो. या माणसानं आयुष्यात कुणाचा शब्द तपासल्याशिवाय घेतला नाही, आक्काचा तेवढा घेतला. दोन घास झाले की ते दर वेळी थांबतात आणि म्हणतात, "शेवटपर्यंत तिला याची गोडी होती बघा. कशी मिटक्या मारत खायची. तुम्ही होता ना समोर? खायची ना?"

"खायची की," मी म्हणतो. "वाटी पुसून खायची." मग ते पुन्हा जेवायला लागतात.